ओसरीवरचा ठराव

एझिकिएल बॉयकिनने बँक काढली तेव्हा तिला तिजोरी नव्हती, ओसरी मात्र होती. संचालकांची सभा त्याच्याच घरात, जेवणाच्या टेबलाभोवती भरायची. पहिल्याच सभेत त्याने नियम घातला: ज्या विषयात ज्याचा स्वतःचा लाभ असेल त्याने टेबलावरून उठायचं, बाहेर ओसरीवर जाऊन बसायचं आणि आतून हाक येईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. नियमाचा पहिला बळी तो स्वतःच. खेचर घ्यायला त्याला कर्ज हवं होतं. तो बाहेर जाऊन बसला, आत वाद झाला, वादानंतर केक आला आणि केक खाऊन मंडळी मागच्या दाराने आपापल्या घरी गेली. हाक मारायची राहिलीच. रात्रभर पाऊस. सकाळी बघतात तर एझिकिएल तिथेच, टोपी मांडीवर, आणि टोपीत कोंबडीने घातलेलं अंडं. कर्ज नामंजूर झालं होतं. ही गोष्ट तो मरेपर्यंत मोठ्या अभिमानाने सांगायचा. त्याच्या मुलांच्या तोंडी अंड्याची दोन अंडी झाली, आणि धाकट्या पर्लच्या तोंडी तर त्यातून पिल्लं निघून अंगणभर फिरूही लागली.

रोवेनाने ही गोष्ट लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की आजोबा तिला चेहऱ्याने आठवत नसत, टोपीने आठवत. पण ऑक्टोबरातल्या त्या रविवारी, चर्चहून परतल्यावर, आजोबांच्याच घरात, ओडेसा आत्याच्या टेबलाच्या टोकाला कागदांचा गठ्ठा मांडून ती बसली तेव्हा तिला त्या गोष्टीतलं काहीच गमतीचं वाटेना.  कोंबडीचा रस्सा आणि मक्याचा ब्रेड तिने ताटात तसाच ठेवला होता.

ताटं उचलली गेली. ओडेसा आत्याने चष्मा पुसला. एझिकिएलची ही थोरली लेक, बँकेची अध्यक्ष. तिच्या उजव्या हाताला तिचा मुलगा कॉर्नेल, बँक चालवणारा. डाव्या हाताला रोवेनाचे वडील थॅडियस, म्हणजे ओडेसाचा पाठचा भाऊ, गावाचे अंत्यसंस्कारवाले. समोर बसलेल्या कुणालाही ते नजरेनेच मोजत असल्यासारखं वाटे, आणि बरेचदा ते मोजतही असत. पलीकडे पर्ल आत्या, चर्चमधली ऑर्गनवाली. आणि शेवटी मिस्टर स्टब्ज, म्हातारे औषधवाले, कुटुंबाबाहेरचे एकटेच संचालक. त्यांना एका कानाने ऐकू येत नसे, दुसऱ्याने येई ते त्यांना पटत नसे, म्हणून ते सभेत झोपत.

शिवाय ऑपल होती, कॉर्नेलची सात महिन्यांची नात. तिला मत नव्हतं, पण ती टेबलाभोवती मांडीवरून मांडीवर फिरत होती आणि जो तिला घेई त्याचा आवाज आपोआप खाली येई.

"सेक्रेटरीने वाचायला सुरुवात करावी," थॅडियस छताकडे बघत म्हणाले. अंत्यसंस्काराचा धंदा सोडून रोवेना बँकेत गेली, तेव्हापासून ते तिच्याशी असेच तिसऱ्याच्या खांद्यावरून बोलत.

"लोकहिताच्या गुंतवणुकीसाठी पूर्वपरवानगीचा अर्ज," रोवेना म्हणाली. "प्रसूतिगृहासाठी. सोबत संचालकांचा ठराव जोडायचाय."

"पूर्वपरवानगी कशाला?" पर्ल आत्या म्हणाली. "पुलापलीकडच्या त्या बड्या बँकेने शाळेजवळ घरं बांधली, त्यांनी कुठे विचारलं आधी? बांधली आणि मग कळवलं."

"त्यांचा शेरा चांगला आहे, आत्या. तसा शेरा असला की आधी पैसा घालून मागून कळवता येतं. आपल्याला मागच्या सरकारी तपासणीत 'सुधारणा हवी' लिहिलंय. आपण आधी विचारायचं."

"आपल्याला कोण 'सुधारणा हवी' म्हणालं? तो लाल कानांचा तपासनीस पोरगा? त्याला मी पाउंड केक दिला होता."

"केकची नोंद आहे," रोवेना म्हणाली. "भेटवस्तू म्हणून."

कॉर्नेल हसला नाही. पूर्वी तो अशा वेळी सगळ्यात आधी हसायचा. "पुढे वाच," तो म्हणाला.

"पैसा मुख्यत्वे गरीब आणि बेताच्या मिळकतीच्या लोकांच्या कामी येईल हे कशावरून?" रोवेनाने वाचलं.

"ते मला विचारा," थॅडियस म्हणाले. "या तालुक्यात कोण काय शिल्लक टाकून जातो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. निम्म्यांच्या शवपेट्या मी उधारीवर दिल्यात. लिहा तसं."

"तसं नाही लिहिता येत, बाबा."

"सेक्रेटरीला सांगा की खरं आहे ते."

"गावातल्या लोकांशी सल्लामसलत केली का?" रोवेनाने पुढचा प्रश्न वाचला.

"केली की. मी चर्चमध्ये गाणाऱ्या अख्ख्या कॉयरला विचारलं," पर्ल आत्या म्हणाली. "तेनॉर गाणारे बाप्ये सोडून सगळे हो म्हणाले, आणि तेनॉर काय, त्यांना कशाचं काय."

ओडेसा आत्याने टेबलावर बोट आपटलं. ती फार जोरात आपटत नसे. गावातलं बाळंतपणाचं दालन बंद झालं त्याला दुसरा हिवाळा येत होता. तेव्हापासून पोटुशी बाई म्हणजे पुलापलीकडचा लांबचा रस्ता. मार्चमध्ये त्या रस्त्यावर कॉर्नेलची लेक लविनिया गेली. गाडी कॉर्नेलच चालवत होता. एझिकिएलच्या जुन्या शेताच्या फाटकाशी ती म्हणाली, थांबव. त्याने थांबवली. ऑपल तिथेच, मागच्या सीटवर जन्मली. लविनिया तिथून पुढे आली नाही. तिचा नवरा नदीवर बोटीत होता, त्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. हे या टेबलावर कुणी बोलत नसे. बोलायची गरजही नव्हती. पोरीच्या हनुवटीवर लविनियाचा खळगा उतरला होता आणि ती तो सगळ्यांना दाखवत हिंडत होती.

"जागा," कॉर्नेल म्हणाला. "जागेचं वाच."

रोवेनाने तो कागद पालथा ठेवला.

"जागा तीच," कॉर्नेल म्हणाला. "फाटकाशी. पेकनच्या झाडांखाली. आईचं शेत आहे, आई देतेय. प्रसूतिगृहाला पैसा देणाऱ्या संस्थेचे लोक नाताळपर्यंत थांबणार, मग त्यांचा पैसा दुसऱ्या गावाला जाणार. त्यात वाचण्यासारखं काय आहे?"

"मला बोलायचंय," थॅडियस म्हणाले. "जागेबद्दल आणि पाटीबद्दल. लविनियाचं नाव दारावर घालायचं म्हणतोस तू. कॉर्नेल, अरे, पहिलटकरीण पोट धरून दारात येणार आणि आत जाण्याआधी मेलेलीचं नाव वाचणार. दुसऱ्या कुणाच्या नावाने बांध. दुसरीकडे बांध. त्या फाटकावरून मी गाडी नेतो तेव्हा मला अजून डावीकडे बघवत नाही."

"मामा, तुला बघवत नाही म्हणून?"

"तिला आंघोळ मी घातली," थॅडियस म्हणाले. "माझ्या माणसांना मी हात लावू दिला नाही. मला बघवत नाही एवढं म्हणायचा हक्क मला आहे."

पर्ल आत्याने ऑपलला छातीशी ओढलं. "मी कॉर्नेलच्या बाजूची आहे," ती म्हणाली. "त्या जागी काहीतरी उभं राहिलंच पाहिजे. नाहीतर तिथे नुसतं गवत वाढतंय."

"गवताला मतदान नाही," थॅडियस म्हणाले.

"म्हणजे दोन विरुद्ध एक," ओडेसा आत्या म्हणाली. "मी मुलाबरोबर. मिस्टर स्टब्ज उठले की त्यांना विचारू. रोवेना, ठराव लिहायला घे."

सकाळी चर्चमध्ये, प्रवचन लांबलं तेव्हा, रोवेनाची नजर खिडकीतल्या रंगीत काचेवर गेली होती. आजोबांच्या स्मरणार्थ ओडेसा, थॅडियस आणि पर्ल या तिघांनी बसवलेली काच. तळाशी लिहिलेलं: एझिकिएलच्या मुलांकडून. मुलांकडून. तिने ती ओळ आयुष्यभर वाचली होती. आज ती वाचली आणि तिला आठवलं की शुक्रवारी अर्जात, जमिनीचा मालक कोण या रकान्यात, तिने डोळे मिटून 'ओडेसा' असं टाइप केलंय. सगळे तसंच म्हणत. ओडेसाचं शेत. कर ती भरे, कुंपण ती घाले.

"जमीन आत्याची नाहीये," रोवेना म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. मिस्टर स्टब्जही जागे झाल्यासारखे झाले, पण ते नुसतं कूस बदलणं होतं.

"आजोबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे."

ठाऊक होतं. अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. एझिकिएलने शेजारीपाजाऱ्यांना धरून धरून मृत्युपत्रं करायला लावली. स्वतःचं केलं नाही. त्याच्या बापाची पहिली जमीन कोर्टातल्या एका कागदाने गेली होती, तेव्हापासून तो म्हणे, कागदाला जमिनीचा रस्ता दाखवू नका. बँकेत त्याने माणसाच्या उंचीचे कागद रचले, पण आपल्या शेताचा एकही कागद कोर्टाच्या पायरीवर चढू दिला नाही. जमीन जाऊ नये म्हणून केलं ते. आणि ती गेली नाही खरी. तिला हलताच येईना.

"मग ती सगळ्यांची," रोवेना म्हणाली. "सामाईक. आत्याची, बाबांची, पर्ल आत्याची. वारलेल्या भावांच्या मुलांची. शिकागोचे, डेट्रॉइटचे, ओकलंडला गेलेले."

"आपला भाऊ रॉस्को सर्कशीत गेला," पर्ल आत्या म्हणाली. "हत्तीबरोबर. त्याची मुलं कुठे असतील देव जाणे."

"त्यांचीही."

"सह्या घेऊ त्यांच्या," कॉर्नेल म्हणाला.

"नाताळपर्यंत? निम्म्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत, दादा. आणि सह्या मिळाल्या तरी... बँकेचा पैसा त्या जागेवर घालायचा ठराव करतोय कोण? याच टेबलावर बसलेले. ज्यांची जमीन आहे ते."

कॉर्नेल तिच्याकडे बघत राहिला. त्या नजरेत राग होता, पण तो तिच्यावर ठरेना. "तू शुक्रवारी का नाही बोललीस?"

"शुक्रवारी मीच 'ओडेसा' लिहिलं होतं."

"मग राहू दे तसंच. कोण बघतंय? लाल कानांचा पोरगा? तो कोर्टात जाऊन जुनी दप्तरं उकरणार आहे? आपलं माणूस गेलं तिथे, आपल्या जमिनीवर, आपल्या पैशाने..."

"पैसा आपला नाही, दादा," रोवेना म्हणाली. तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "ठेवीदारांचा आहे. पेट्या उधारीवर घेणाऱ्यांचा."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. थॅडियस उठले होते. त्यांनी कोटाचं बटण लावलं, जसं ते कुणाच्या घरी पेटी न्यायला जाताना लावत.

"माझाही वाटा आहे तर," ते म्हणाले. "आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी चाललो बाहेर."

"थॅडियस, बस खाली," ओडेसा आत्या म्हणाली.

"कशाला बसू? बापाचा नियम आहे." दारापर्यंत जाऊन ते थांबले. छताकडे न बघता, टेबलाच्या टोकाकडे बघून म्हणाले, "रोवेना, लिहून घे. थॅडियस ओसरीवर."

तिने लिहिलं.  वडिलांनी तिला नावाने हाक मारली होती.

पर्ल आत्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "मला त्यातलं एक झाड दिलं असतं तरी पुरलं असतं," ती म्हणाली, "पण आहे तर आहे." ती ऑपलला घेऊन बाहेर गेली. दाराबाहेर जुनी डुलती खुर्ची कुरकुरली.

आता टेबलाशी आई, मुलगा, झोपलेले स्टब्ज आणि रोवेना. ओडेसा आत्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. या घराण्यातल्या प्रत्येकाला तिने कधी ना कधी बाहेर पाठवलं होतं. नवऱ्याला गॅरेजच्या कर्जासाठी, कॉर्नेलला घराच्या कर्जासाठी, चर्चच्या छताच्या वेळी तर खुद्द पाद्रीबुवांना, ते संचालक नसतानाही. ती स्वतः कधी गेली नव्हती. तिचा कशातच लाभ नसे.

"आई," कॉर्नेल म्हणाला. "तू नको जाऊ. तू गेलीस तर झालं."

"माझ्या नावाचं कुंपण आहे तिथे," ती म्हणाली. "तार मी ओढलीय."

"आई."

"मला ती जागा तुझ्याइतकीच हवीय, बाळा. म्हणूनच मला इथे बसता येत नाही."

ती उठली. तिला उठायला टेबलाचा आधार लागला. तो तिने सहसा कुणाला दिसू दिला नसता. कॉर्नेलने हाताची घडी घातली. मग त्याने रोवेनाला विचारलं, "आईचा वाटा म्हणजे माझाही?"

"हो."

"लविनियाचाही झाला असता, कधीतरी."

"हो, दादा."

तो गेला. रोवेनाही उठली. सेक्रेटरीला मत नसतं, पण वाटा तिचाही होता.

ओसरीवर पाचही जणांना पुरेशा खुर्च्या नव्हत्या. पूर्वी कधी लागल्याच नव्हत्या. ओडेसा आत्या डुलत्या खुर्चीत बसली, पर्ल बाकावर, थॅडियस कठड्याला टेकून. कॉर्नेल पायरीवर बसला आणि त्याने ऑपलला मांडीवर घेतलं. समोरच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. चालवणाऱ्याने हात केला आणि मग इतक्या सगळ्यांना एकदम बाहेर बघून तो वर केलेला हात खाली घ्यायचा विसरला.

"आत कोण आहे?" पर्ल आत्याने विचारलं.

"स्टब्ज," रोवेना म्हणाली.

तेवढ्यात आत मिस्टर स्टब्ज जागे झाले. झोपेतून उठलेल्या बहिऱ्या माणसाला वाटतं की सभा त्याच्यावाचून अडून राहिली आहे. त्यांनी घसा खाकरला आणि रिकाम्या टेबलाला उद्देशून, चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझं मत बाजूने!"

मग जरा वेळाने, "विरोधात कोण आहे का?"

कुणी नव्हतं.

"मग मंजूर," मिस्टर स्टब्ज म्हणाले. "केक कुठाय?"

पहिली पर्ल आत्या हसली, मग थॅडियस, नाकातून, मग ओडेसा आत्याचे खांदे हलू लागले. मार्चपासून या घरात कुणी असं हसलं नव्हतं. कॉर्नेलही हसला. ऑपलच्या डोक्यावर हनुवटी टेकवून तो हसत राहिला, आणि बाकीचे थांबले तरी त्याचं थांबलं नाही. मग सगळ्यांना कळलं की ते हसणं राहिलेलं नाही. ओडेसा आत्याने खुर्चीतून पुढे वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. थॅडियस रस्त्याच्या डाव्या बाजूला, फाटकाच्या दिशेला बघत उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले.

"ती म्हणाली थांबव," कॉर्नेल म्हणाला. "मी थांबवली. पुढे नेली असती तर."

"तुला मी सांगितलंय," थॅडियस म्हणाले. "मी तिला पाहिलंय आणि मला कळतं. नेली असतीस तर दोघीही गेल्या असत्या. हे मी तुला बरं वाटावं म्हणून नाही सांगत. बरं वाटावं म्हणून मी धंद्यात खूप बोलतो. ते असं नसतं."

कॉर्नेलने डोळे पुसले. ऑपलने त्याचं बोट तोंडात घालून नव्या दातांनी चावून बघितलं.

"लाँड्रीमागची जागा," तो अखेर म्हणाला. "नगरपालिकेची आहे ना ती?"

"हो," रोवेना म्हणाली. "आपल्यातल्या कुणाचा काही संबंध नाही तिच्याशी."

"बस थांबते तिथे. पोटुश्या बायकांना चालावं लागणार नाही." त्याने ऑपलच्या तोंडातलं बोट सोडवलं. "पाटीवर नाव नको. मामाचं बरोबर आहे. नुसतं प्रसूतिगृह लिहा. रोवेना, लिही. लाँड्रीमागची जागा."

कागद आत टेबलावर होता. तिने मान हलवली.

"कॉर्नेल," पर्ल आत्या म्हणाली, "आणि फाटकाशी?"

"गवत वाढू दे. मी कापत जाईन."

ओडेसा आत्या उठली. "चला आत. आता आपला कुणाचा लाभ उरला नाही. ठराव करू, आणि स्टब्जना केक देऊ, नाहीतर ते अजून काहीतरी मंजूर करतील."

थॅडियस गेले, पर्ल गेली. रोवेनाने दार धरून ठेवलं. कॉर्नेल पायरीवरून हलला नाही.

"ये ना, दादा. तुझा काही हितसंबंध नाही आता. नियमाने तू आत बसू शकतोस."

"माहितेय," तो म्हणाला. "मी इथे बसतो."

"कारण काय लिहू?"

त्याने ऑपलला मांडीवर नीट बसवलं. तिने ओडेसा आत्याकडे पाहिलं. आत्याने दाराशी उभं राहून मुलाच्या पाठीकडे पाहिलं, बापाच्या त्या जुन्या ओसरीकडे पाहिलं. "लिही," ती म्हणाली, "कॉर्नेल ओसरीवर. कारण कुणी विचारणार नाही."

आत रोवेनाने जागेच्या रकान्यातलं खोडून नवं लिहिलं. मिस्टर स्टब्ज केक खात होते आणि हा विषय तर आपण केव्हाच संपवला असं त्यांचं ठाम मत होतं. ओडेसा आत्याने ठराव वाचला. दोनदा ती मध्येच थांबली, दोन्ही वेळा आधीच्या शब्दापासून पुन्हा वाचत आली.

"बाजूने कोण?"

थॅडियसचा हात वर गेला, पर्लचा, केकच्या काट्यासकट स्टब्जचा, आणि ओडेसा आत्याचा स्वतःचा. चार. पुरेसे होते.

जाळीच्या दारातून रोवेनाला पायरीवरची पाठ दिसत होती. त्या पाठीच्या बाजूने एक हात वर गेला. बोटं ऑपलच्या मुठीत होती, म्हणून त्या हाताबरोबर तिचाही छोटा हात वर गेला होता.

ओडेसा आत्यानेही ते पाहिलं. तो मोजायचा नव्हता. बाहेरचं मत बापाच्या काळापासून कधी मोजलं गेलं नव्हतं, आणि तिनेही मोजलं नाही. पण 'मंजूर' हा शब्द ती लगेच बोलली नाही. तो हात आपण होऊन खाली येईपर्यंत ती थांबली.